सगळ्यांचं बीपी एकशेवीस-ऐंशी

३ जून, सकाळी ६
आजपासून रोजनिशी. पत्र्याचे डबे करणारा कारखाना बंद पडून चार महिने झाले. सत्तावीस वर्षं प्रेसखात्यात सुपरवायझर होतो. वीस मशिनं एकदम धडधडायची, आणि त्यातलं कुठलं बिघडलंय ते मी पायाखालच्या फरशीवरून सांगायचो. असा माणूस एक्कावन्नाव्या वर्षी घरी बसवला. बसवणाऱ्यांचं वाटोळं होवो. झालंच म्हणा.
आज मेडिकल असिस्टंटचा कोर्स सुरू. तीन महिने. पहिल्या येणाऱ्याला त्याच दवाखान्यात नोकरी. म्हणजे मला. सहा महिन्यांत डॉक्टर मला विचारल्याशिवाय गोळी लिहिणार नाहीत.

३ जून, रात्री ८
वर्ग दवाखान्याच्या मागच्या खोलीत. दहा पोरंपोरी, वीस-बाविशीतली, आणि मी. सगळी मला काका म्हणतात. यांच्या बापांना मी ओळखतसुद्धा नाही.
शिकवायला एक सिस्टर. चेहरा फौजदाराचा, आवाज मुंगीचा. फळ्याकडे तोंड करून स्वतःशीच बोलतात. दोनदा म्हटलं, जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा पोरं हसली. शिकवायचं तर घसा नको?
संकल्प: उद्यापासून पहिला बाक.

९ जून
आज बीपी. दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबून हवा भरायची, मग हळूहळू सोडायची. स्टेथोस्कोप कोपराच्या खाचेत. ठकठक सुरू होईल तेव्हा डायलची सुई असेल तो वरचा आकडा, थांबेल तेव्हा असेल तो खालचा. शेंबडं पोरही करेल.
पण दवाखान्याचा स्टेथोस्कोप नादुरुस्त. एक ठक येईल तर शपथ. बाकी दहाजणांना त्याच स्टेथोस्कोपमधून ऐकू आलं म्हणे. मेंढरं. एकाने हो म्हटलं की सगळ्यांनी हो.
माझ्यापुढे एक चष्मेवाली मुलगी बसवली होती. मी एकशेवीस-ऐंशी सांगितलं. पुस्तकात तोच आकडा नॉर्मल म्हणून छापलाय. सिस्टरनी तपासलं. बरोबर निघालं. अनुभव याला म्हणतात.

१२ जून
स्वतःचं डायलचं मशीन आणि स्टेथोस्कोप विकत आणला. स्टेथोस्कोप मुका. दुकानात परत नेला. दुकानदाराने स्वतःच्या कानाला लावला, मान डोलावली, मलाच परत दिला. भांडून दुसरा घेतला. तोही मुका. तिसऱ्या वेळी त्याने मला दुकानाच्या पायरीवरून हात जोडले. आख्खा माल सडका, आणि वर हात जोडतो.

१५ जून
यंत्रावर विसंबून राहणाऱ्यातला मी नव्हे. पद्धत शोधली आहे. वय बघायचं, पोट बघायचं, गालाचा रंग बघायचा. शितावरून भाताची परीक्षा. धडधाकट दिसला की एकशेवीस-ऐंशी. स्टेथोस्कोप कानाला लावायचाच, समोरच्याला धीर येतो.

१६ जून, सकाळी ७
हिचं डोकं दुखतंय. मानेपासून वर चढतं म्हणते. डॉक्टरकडे जाऊन येते म्हणाली. मला रागच आला. घरात मेडिकल माणूस बसलाय, आणि ही बाहेर रांगेत उभी राहणार. लोक काय म्हणतील?
खुर्चीत बसवलं. पट्टा, फुगा, स्टेथोस्कोप, सगळं साग्रसंगीत. १२०/८०. नवी वही काढली, तारीख घालून लिहिलं. तिला दाखवलं. म्हटलं, तुझं बीपी पुस्तकात छापण्यासारखं आहे. यापुढे रोज सकाळी घेणार.
चहा गार मिळाला. डोकं दुखत असताना चहा करावा लागला म्हणे.

२४ जून
सिस्टरनी भर वर्गात माझी वही उघडली. तेवीस पेशंट, तेवीस वेळा १२०/८०. पुढे काहीतरी पुटपुटल्या, सगळी हसली. काय पुटपुटल्या ते मी विचारलं नाही. मुंगीला किती वेळा विचारायचं?
चष्मेवालीची वही मात्र सगळ्यांना फिरवून दाखवली. कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्या वहीत १३४/८६, १०८/७०, असे अडनिडे आकडे. यांना नॉर्मल माणूस चालत नाही तर.
संकल्प: उद्यापासून आकडे बदलते ठेवायचे. ११९/७९. १२१/८१. जास्त खरे वाटतात.

२ जुलै
सकाळी ही भांडी घासता घासता खाली बसली. चक्कर. लेकीने डोळे वटारून मला काहीतरी सुनावलं आणि आईला डॉक्टरकडे नेते म्हणाली. मी वही पुढे केली. सतरा दिवसांचे सतरा आकडे. आकडे खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात. लेक वैतागून ऑफिसला गेली. ही वहीकडे बघत राहिली आणि मग उरलेली भांडी घासली.
हवा सोडायला लागलं की सुई हिच्या बाबतीत फार वरपासून थरथरायला लागते. मशीन हलकं. दुकानदाराला सोडणार नाही.

१८ जुलै
हिने डोकं दुखण्याचं नाव काढलेलं नाही, आज आठ दिवस. रोज नॉर्मल आकडा दाखवला की माणूस आपोआप बरा होतो. हे डॉक्टरांच्या कानावर घातलं पाहिजे.
टीव्हीवरून लेकीशी भांडण. आवाज कमी करा म्हणे. आधीच बातम्या देणारे हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

२७ ऑगस्ट
उद्या प्रॅक्टिकल. प्रत्येकाने घरचं एक माणूस पेशंट म्हणून आणायचं. बाकीचे आईबाप आणतील, आयत्या वेळी. माझ्याकडे त्र्याहत्तर दिवसांची वही आहे. असा पेशंट या दवाखान्याने पाहिला नसेल. हिला म्हटलं, चांगली साडी नेस. नको वाटतंय म्हणाली, झोपून राहू का म्हणाली. मी ऐकून घेतलं नाही. नोकरीचा प्रश्न आहे.

२८ ऑगस्ट, दुपारी ४
लिहितो. जमेल तसं.
सिस्टरनी दोघांनी मिळून ऐकायचा स्टेथोस्कोप आणला होता. एकच चकती, दोन माणसांच्या कानांना नळ्या. हिच्या दंडाला पट्टा बांधला. हवा भरली, सोडली. मी ऐटीत सांगितलं, ११९/७९. आणि वही ठेवली.
सिस्टरनी पट्टा सोडून नीट बांधला. पुन्हा हवा भरली, यावेळी स्वतः. पुन्हा सोडली. मग दुसऱ्या दंडाला. मग वही चाळली. डायल उचलून माझ्या डोळ्यांपुढे धरलं आणि पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या.
“यात एकशे एकोणीस कुठे दिसलं तुम्हाला?”
मी बघितलं. दर दोनावर एक रेघ. ११८, मग १२०. मध्ये काहीच नाही. अडीच महिने हेच डायल हातात घेऊन बसलोय.
हिचं बीपी १९६/११४.
डॉक्टर आले. हिला आतल्या खाटेवर झोपवलं, गोळी दिली. अजून काही दिवस असंच चाललं असतं तर, एवढं म्हणून ते थांबले. कधीपासून त्रास होतोय, हे त्यांनी हिला विचारलं. मी अगदी जवळ उभा होतो म्हणून ऐकू आलं.
“रोज सकाळी हे एवढं मन लावून ऐकायचे,” ही म्हणाली. “मला वाटलं, मलाच उगीच वाटतंय.”

२८ ऑगस्ट, संध्याकाळी
राग येतोय. कुणाचा ते शोधतोय. दुकानदाराचा नाही.

३१ ऑगस्ट
चष्मेवाली पहिली. नोकरी तिला. मी नापास. सिस्टरनी निकालाऐवजी एक चिठ्ठी हातात दिली, कान तपासणाऱ्यांच्या नावाची. फाडणार होतो. खिशात ठेवली.

२ सप्टेंबर
गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बेधडक दाबत गेलो. चांगलं पंचवीस वेळा दाबलं. मग त्या बाई दार उघडून आत आल्या आणि कागदावर लिहून दाखवलं: अजून मशीन सुरू केलेलं नाही.
सत्तावीस वर्षं वीस प्रेस. कापसाचे बोळे वाटायचे तिथे. मी घेतले नाहीत. सुपरवायझरने बोळे घातले तर कामगार काय म्हणतील?

५ सप्टेंबर, सकाळी ७
कानातली यंत्रं पंधरा दिवसांनी मिळणार. हिची गोळी चालू. डोकं आता खरंच कमी दुखतं. हे मी तिचा चेहरा बघून लिहीत नाही, विचारून लिहितो.
लेकीने बीपीचं नवीन मशीन आणलं. बटण दाबलं की स्वतःच हवा भरतं, आकडा दाखवतं, वर मोठ्याने बोलूनही सांगतं. आकडे हिरवे, एवढेसे, आणि माझा चष्मा सापडेना. हिच्या दंडाला बांधलं. लेकीला म्हटलं, आवाज चालू कर.
लेकीने माझ्याकडे बघितलं. आवाज चालूच होता.
मग ही उठली, पट्टा दंडाला तसाच, आणि माझ्या कानाशी येऊन आकडे सांगितले. १४७/९१. विषम. या मशीनला चालतात.
मी लिहून घेतले.