सत्तावीस नंबरचं सफरचंद

प्रिय खारुताई,

तुमच्या हॉस्टेलमधल्या माझ्या खाऊच्या मशीनमध्ये एक सफरचंद ठेवायला मला खरं किती पडायचं, ते आधी सांगतो. फळाचे पैसे हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. चिप्सच्या पाकिटासाठी केलेल्या स्प्रिंगमध्ये गोल फळ बसत नाही, म्हणून सत्तावीस नंबरच्या ओळीची स्प्रिंग वेगळी वळवून घेतली. वरून पडलं की फळ ठेचतं, म्हणून खालच्या खणात स्पंज चिकटवला. चिप्स महिनाभर पडून राहिले तरी तक्रार करत नाहीत. सफरचंदासाठी मात्र गाडीला रोज एक जादा फेरी. शिवाय पेटीतलं एक विकलं जाईपर्यंत दुसरं सुरकुतून घरी यायचं आणि तुझी आई नाक मुरडत त्याचा जॅम करायची. कॉलेजच्या ऑफिसने वर्षभरासाठी अट घातली होती, एक ओळ ताज्या फळांची हवी, म्हणून मी ठेवली. वर्ष संपलं, अट संपली, आणि नवं सत्र सुरू व्हायच्या आधी मी ती ओळ काढून तिथे चिप्स भरले. हिशेब चोख होता. एकच रक्कम धरायची राहून गेली.

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मी दुसऱ्याच वाक्याला विनोद करतो, तू हसतेस, आणि विषय तिथेच मिटतो. कागद हसत नाही, त्यामुळे मला पळायला वाट नाही.

इकडचं सगळं ठीक. आईचा गुडघा थंडी पडल्यापासून कुरकुरतोय, पण जिना चढताना ती माझ्या पुढेच असते. समोरच्या झाडाची पानं रोज आपल्याच दारात गळतात आणि शेजारचे काका रोज सांगतात की झाड तुमचं आहे. भंगारातून आणलेलं ते पहिलं मशीन अजून गोदामात आहे. परवा उगाच त्याची वायर जोडली आणि बटणं दाबून बघितली. अजून गातात. तुला आठवतं ना, तू स्टुलावर चढून बटणं दाबायचीस आणि मी पाठ करून उभा राहायचो? प्रत्येक आकड्याचा सूर वेगळा. तू दाबलंस की मी न बघता नंबर सांगायचा, आणि बरोबर आला की तू गालात शेंगदाणे कोंबून टाळ्या पिटायचीस. खारुताई हे नाव तेव्हाचंच. बंद पडलेलं मशीन मी कानाने दुरुस्त केलं, कानावरच धंदा वाढवला, हे मी लोकांना इतक्या वेळा सांगितलंय की आत्या हल्ली माझ्याआधीच ते वाक्य पुरं करते.

आता त्या जेवणाबद्दल. पानगळीच्या सुट्टीत तू घरी आलीस तेव्हा दारातच आईने तुझ्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी तुला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त कमी. त्या रात्री आत्या आणि तिचे यजमान जेवायला होते, आणि मला व्याख्यान सुचलं. ऋतूत जे पिकतं ते खावं, बाजार सफरचंदांनी आणि भोपळ्यांनी भरलाय, पालेभाज्या कोवळ्या आहेत, आणि तुम्ही मुली पाकिटं फोडून पोट भरता. हे सगळं पाकिटं विकून घर बांधलेला माणूस, हातात सफरचंदाची फोड धरून बोलत होता. तू म्हणालीस, "हो बाबा." आईने माझ्याकडे एकदा बघितलं. मी ते बघणं मीठ कमी पडल्याचं समजलो आणि बरणी पुढे केली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण आत्याने विचारलं, "दादा, मग तूच का नाही ठेवत फळं?" आणि माझी गाडी सुटली. ठेवली होती, म्हटलं, अख्ख्या हॉस्टेलात एकच वेडं गिऱ्हाईक. रोज संध्याकाळी एक सफरचंद. मी न बघता सांगतो, कोण असेल ते. किडकिडीत पोर, जाड भिंगांचा चष्मा, पुस्तक छातीशी धरलेलं, सफरचंद दोनदा धुऊन, पुसून, मग बारीक बारीक चावणारी. मी उठून तिची चालसुद्धा करून दाखवली. आत्याला ठसका लागला. तिचे यजमान म्हणाले, "तुम्हाला गिऱ्हाईक कळतं बुवा." तू पण हसलीस. माझे कान इतके तिखट म्हणतात, पण तुझं हसू इतरांपेक्षा लवकर थांबलं हे मला त्या रात्री ऐकू आलं नाही. आत्ता, लिहिताना ऐकू येतंय.

सुट्टी संपल्यावर तुला सोडायला मी आलो. रविवारची संध्याकाळ, मेस बंद. तू छोटी पिशवी घेऊन पुढे गेलीस आणि मी मोठी बॅग घेऊन जिन्यात धापा टाकत होतो. मशीनच्या आतली ट्यूब गेलेली होती. तीही मीच बदलायची टाळत आलो होतो. वर अंधारात नाणी पडल्याचा आवाज आला, मग दोन सूर. खालचा, मग वरचा. दोन, सात. मी मनात म्हटलंसुद्धा, सत्तावीस. मग पाकीट पत्र्यावर आपटलं, कारण ओळ काढली तेव्हा स्पंजही मी काढून नेला होता. वर आलो तर तू हातातल्या चिप्सकडे बघत उभी होतीस. "चुकून दाबलं," म्हणालीस. मग पाकीट फोडून अर्धं मला दिलंस. आपण जिन्यातच बसून ते खाल्लं आणि मी म्हटलं, बघ, धंदा तुझ्या बापाचा आणि बोहनी तुझी. तू हसलीस.

परतताना गाडीत माझ्या डोक्यातून ते दोन सूर जाईनात. चुकून दाबलेलं बटण चाचपडत दाबलं जातं. हे तसं नव्हतं. अंधारात, न बघता, सवयीने, जसं आपण आपल्या घराचं कुलूप उघडतो तसं. गाडी बाजूला घेऊन मी ते दोन सूर शिट्टीवर वाजवून बघितले.

घरी येऊन आईला विचारलं. ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, "तुम्हाला आज कळलं होय?" गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी तुला रोज एक फळ खायला सांगितलं होतं. बाजार लांब, मेसमध्ये नुसते बटाटे, म्हणून तू रोज संध्याकाळी माझ्याच मशीनमध्ये सगळ्यांसारखी नाणी टाकून ते घेत होतीस. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? आईने घडी मोडून पुन्हा घातली. म्हणाली, "मी सांगणार होते. तीच नको म्हणाली. म्हणे, बाबा ओळ चालू ठेवतील, आणि मग वर्षभर सगळ्यांना सांगत फिरतील की लेकीसाठी तोटा सोसतोय."

खारुताई, तुझा अंदाज चोख होता. कारण मी तसंच केलं असतं. आत्याला सांगितलं असतं, ऑफिसातल्या साहेबांना सांगितलं असतं, तुझ्या मैत्रिणींसमोर मशीनवर थाप मारून सांगितलं असतं. माझ्याकडून काही घ्यायचं तर सोबत माझी बढाईही घ्यावी लागते, आणि तुला त्यापेक्षा रक्त कमी पडलेलं परवडलं. हिशेबात राहिलेली रक्कम ती हीच.

तुझी थट्टा केली, चाल करून दाखवली, आणि वर तुलाच खाण्याचं शहाणपण शिकवलं. चुकलो. याच्यापुढे "पण" लिहायचं मनात आलं होतं, ते खोडलं.

आता तू आईला कळवलंस की थंडीच्या सुट्टीत घरी येणार नाहीस, अभ्यास आहे. असेलही. पण हॉस्टेलची मेस तेव्हा बंद असते, आणि मला वाटतं तू आमचं जेवणाचं टेबल टाळते आहेस. ये. टेबलावर मी ताटात बघून जेवीन. तुझ्या ताटात काय आहे, किती आहे, यावर एक शब्द बोलणार नाही. आई पालक, गाजरं, रताळी सगळं आणून ठेवणार आहे. खावंसं वाटलं तर खा. आत्यालाही बजावलंय. का ते सांगितलं नाही.

आणि हे पत्र पोस्टाने का आलं, तेही सांगायलाच हवं. सत्तावीसची ओळ मी तीन दिवसांपूर्वी पुन्हा भरली. स्पंज लावला, नवी ट्यूब बसवली, कुणाला बोललो नाही. पहिल्या सफरचंदाच्या मागे, त्याच स्प्रिंगमध्ये, तुला लिहिलेलं एक छोटं पत्र अडकवलं. दुसरं कोण दाबतंय सत्तावीस, माझ्या खात्रीचं एकच गिऱ्हाईक. काल मशीनवरच्या तक्रारीच्या नंबरवर फोन आला. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरची मुलगी. "काका, सफरचंदाबरोबर तुमचं पत्र पण पडलं. सॉरी, शेवटपर्यंत वाचलं." पत्र तिने तुझ्या दाराखालून सरकवलंय म्हणे, पण आता तो अख्खा मजला तुझ्याकडे बघून हसेल, म्हणून सगळं माझ्या तोंडून तुला कळावं असं वाटलं. मी विचारलं, बाळ, तू फळं कधीपासून घेतेस? म्हणाली, गेल्या वर्षीपासून, एखाद्या संध्याकाळी तुझ्या आधी ती पोचली तर तिला मिळायचं, नाहीतर तुला. गाडीवाला दिवसाला एकच भरायचा. ती गोळाफेक खेळते, न धुताच खाते, आणि संत्री कधी येणार असं विचारत होती. तुम्हा दोघींपैकी कुणालाच चष्मा नाही.

तुझाच, सध्या गप्प राहायला शिकणारा,
बाबा