कुलूप लावून झोपलेला ड्रायव्हर

पोर्ट लिंकन, मंगळवार

तीर्थस्वरूप थेल्माआत्यास,

मोर्वेनाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? (तुमच्या मूंटा गावच्या त्या डॉक्टरचं काही ऐकू नकोस, गोळ्या मात्र घे.) मी धडधाकट आहे, फक्त संतापाने अर्धी झाले आहे.

आमच्या केंद्रातलं यंत्र खाडीच्या पाण्याचं तापमान डिस्कच्या पेटीत साठवतं आणि पाणी तापलं की कालववाल्यांना निरोप धाडतं. गेल्या महिन्यात ऐन उन्हाच्या दुपारी ते गोठलं. टोपल्या खोल पाण्यात उतरवायचा निरोप गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी कालववाल्यांपैकी नेव्ह हॉस्किनने मेलेल्या कालवांची बादली माझ्या टेबलावर आदळली. "घे! तुझ्या यंत्राने शिजवलीत, आता तूच खा!" (वास अजून आहे.)

नऊ दिवस शोधलं. दोष पेटी चालवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्या प्रोग्रॅममध्ये निघाला. तुला कळेल असं सांगते. सगळ्यांच्या वापरातल्या नोंदवहीला कुलूप लावलं, की ते काढेपर्यंत डोळा मिटायचा नाही, असा नियम. कारण बाकीचे दाराशी ताटकळत असतात. आणि हे महाशय आधी कुलूप लावतात, मग मेमरी मागतात, आणि ती लगेच मिळाली नाही की तिथेच ताणून देतात! सगळं यंत्र गार.

मी एकच शब्द बदलला. 'मिळेपर्यंत थांबतो'च्या जागी 'असेल तर दे, नाहीतर चाललो'. बदल होबार्टच्या ऑस्विन पर्डीकडे पाठवला, या ड्रायव्हरची राखण त्याच्याकडे असते. त्याचं उत्तर : "बाई, मेमरी मिळालीच नाही तर नोंद बुडणार ना? कुलूप लावायच्या आधीच मागून ठेवा की. शिवाय तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा जास्त आहे." रिकामी जागा! माझ्या टेबलावर मेलेली कालवं, आणि याला रिकामी जागा दिसते! चार वेळा पाठवलं, चार वेळा साभार परत. (सगळ्यात चीड कशाची, तर दर वेळी मेला बरोबर असायचा.) पाचव्यांदा म्हणतो, "आता छान. पण खऱ्या पेटीवर चालवून पाहिलंत?" आमची पेटी एकच, ती कामात; थांबवली तर नेव्ह दुसरी बादली आणेल, असं मी त्याला चांगलं खडसावून लिहिलं. असल्या खडूस माणसाचं तोंड पाहायची वेळ कुणावर येऊ नये.

तुझी संतप्त भाची,
मोर्वेना

ता. क. : हे पत्र आठवडाभर टपालात टाकायचं राहिलं. पर्डीकडे तसलीच जुनी पेटी आहे. टपालावर त्याचा भरवसा नाही, म्हणून गेल्या शनिवारी ती मांडीवर घेऊन विमानाने स्वतःच आला. दोन दिवस आम्ही पेटी पिदडली, एकदाही गोठली नाही. बदल मंजूर झाला.

ता. क. दुसरा : तो अजून परतलेला नाही. म्हणतो, "आणखी आठवडाभर तपासू, घाई कशाला?" मीही नाही म्हटलं नाही. तुझ्या पॅस्टीत, त्या मांस-बटाट्याच्या मोठ्या करंजीत, सलगम किती घालतेस, ते पत्र मिळताच फोन करून सांग.