टिकटिक आजोबांना

पुणे,
७ डिसेंबर २००३

आदरणीय व्याही बाबुरावजी,
सप्रेम जयभीम.

इकडे सगळं ठीक. तुमचं धान घरात आलं असेल. भंडाऱ्याला थंडी जोरात असेल, कानटोपी घालत जा. समाधान आणि तुमची दीपाली रोज सकाळी माझ्याच बसने हिंजवडीला जातात, अंधार पडल्यावर येतात. नातू दिवसभर आम्हा दोघांकडे, मी आणि कांताबाई. अशू मजेत आहे. काळजी नसावी.

तुम्ही दिवाळीनंतर धानकापणीला निघालात तेव्हा मी स्टेशनवर म्हणालो, "थोडे दिवस राहिला असतात तर बरं झालं असतं." ते तोंडदेखलं होतं. गाडी हलली आणि मला हायसं वाटलं. मैदान मोकळं.

तुम्ही एस.टी.तून रिटायर होऊन आलात तेव्हा तो तिकिटं टोचायचा पंच खिशात कशाला ठेवलात हो? पोराला शीच्या भांड्यावर बसवायचं, समोर पाटावर बसून तिकिटाच्या पेटीवर पंच टिकटिकवायचा, "चला, भंडारा, भंडारा! कोण उतरतं बाप्पा?" म्हणायचं, आणि काम झालं की डबल बेल, गाडी सुटली. आठवडाभरात चड्ड्या कोरड्या! दीपाली ऑफिसात सांगत सुटली. मी त्याला सायकल आणली, बॅटरीची मोटार आणली, दोन्ही पलंगाखाली. वर पोरगं मलाच विचारतं, "आबा, तू काहून हॉर्न वाजवतो?" पुण्यात जन्मलेलं पोर, आणि तोंडात तुमचं काहून!

व्याहीबुवा, स्वारगेटला मी गाड्या धुवायचो तेव्हा कंडक्टर लोक वरून ओरडायचे, "ए, काच पूस नीट." आज माझ्या बसेस आयटीवाल्यांना घेऊन पळतात. आणि माझा नातू गेला कंडक्टरकडे. हसू नका.

तर तुम्ही गेलात आणि अशूने संप केला. भांड्यावर बसतो, इकडे तिकडे बघतो, उठतो. मग तोंड लाल करून पडद्यामागे उभा. पोट दगडासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, जबरदस्ती करू नका, मनातलं आहे." जूनला बालवाडी आहे, तिथल्या बाईंनी आधीच बजावलंय, चड्डी भरणारं मूल घेणार नाही. हे तुम्हाला फोनवर कुणी सांगितलं नाही. सांगू नका असं मीच म्हटलं होतं.

म्हटलं, हा पंच वाजवतो तर आपण अख्खी बस आणू. रविवारी एक गाडी सोसायटीत घेतली. मधल्या जागेत भांडं ठेवलं, त्यावर साहेब बसले, मी स्टिअरिंगवर. इंजिन चालू केलं, हॉर्न दिला. खाली सेक्रेटरी येऊन उभे. म्हणाले, "भीमराव, इथून सर्व्हिस सुरू केलीत? कळवायचं तरी. स्टॉपची पाटी लावली असती."

कांताबाई खिडकीतून म्हणाल्या, "अहो, नातवाला बसवलंय."

"कुठे?" म्हणून ते आत डोकावले आणि आले तसे गेले.

मी स्टीलच्या डब्यावर सांडशी वाजवली. "चला, भंडारा, भंडारा!"

अशूने मान वाकडी करून ऐकलं. म्हणाला, "हा आवाज नाही."

सांडशी बदलली. अडकित्ता घेतला. "हा पण नाही."

बाबुरावजी, दुसऱ्या मजल्यावर चहा पिता पिता मी सांगतो, खालून गेलेल्या गाडीचा क्लच संपलाय. आमच्या समाधानला ते कधी जमलं नाही, त्याला हॉर्न आणि घंटा सारखीच. आणि हे अडीच वर्षांचं पोर अडकित्ता ओळखतं! कान माझे आहेत हो त्याला. तुमचे नाहीत. एवढं एक मला ठेवू द्या.

छाती फुगली माझी. तेवढ्यात त्याने पुढचं सांगितलं, "आबा, तू गाडी चालव. तिकीट टिकटिक आजोबा देतील. ते आले की जाऊ."

आणि भांड्यावरून उठून माझ्या मागच्या सीटवर जाऊन बसला. तासभर. उतरेना. शेवटी तिथेच रडून झोपला.

दीपाली म्हणाली, "बाबांना पंच कुरियरने पाठवायला सांगते." खरं सांगतो, मला ते पटलं होतं. पंच आला की मीच वाजवीन, पोराला काय कळतंय! तशी चिठ्ठी धाडायला पाकिटावर तुमचा पत्ताही लिहून ठेवला होता. पण ज्याला अडकित्ता कळतो त्याला हात कळणार नाही का?

तेव्हा कुरियर नको. पंच खिशात घाला आणि या. लेकीच्या घरी किती राहायचं वगैरे मनात आणू नका, घर माझं आहे आणि मी बोलावतोय. विहीणबाईंनाही आणा. मला अजूनही जळायला होतं, तुम्ही आल्यावर जास्तच होईल, तेवढं चालवून घ्या.

इंजिन चालू ठेवलंय. डबल बेलसाठी खोळंबलेला,

तुमच्या गाडीचा ड्रायव्हर,
भीमराव