बुडालेली मतं कुणाची?

हडपसर, निकालानंतरचा शुक्रवार

मकसूदला आबेदाआपाचा सलाम. भाषणं करून बसलेला तुझा घसा सुटला का? घरात सगळी बरी असतील. माझे गुडघे मतदानाच्या दिवसापासून कुरकुरताहेत (का, ते खाली वाचशीलच). तू फोन उचलत नाहीस, म्हणून तौफिकच्या हाती ही चिठ्ठी धाडते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, चुका काढत बसू नकोस.

निकाल लागल्यावर तू म्हणालास, आपली मतं बुडवली, गल्लीतल्या बायकांना मत देऊच दिलं नाही, तक्रार करायची, आपा, सह्या गोळा कर. त्यातलं अर्धं खरं आहे. मतदानाची खोली नेहमीच्या शाळेतून उचलून कालव्यापलीकडे नेली आणि कोणी कळवलं नाही. तुझ्या रिक्षांनी आम्हाला जुन्याच शाळेपाशी उतरवलं आणि निघून गेल्या (रिक्षावर तुझा फोटो होता, चौकशी करायची अक्कल नव्हती). मग सगळ्याजणी पायी. मेहजबीनच्या सासूला दोघींनी धरून चालवलं. पोचलो तर वेळ संपून फाटक लागलेलं. पोलीस म्हणाला, जे आत रांगेत आहेत तेच.

ज्याने खोली हलवली त्याला जाब विचारलाच पाहिजे. त्यासाठी मी दारोदार फिरले. सही द्यायला कोणी नाही म्हटलं नाही. पण 'आम्ही मकसूदभाईंनाच मत देणार होतो' असं जे तू वर लिहून दिलं होतंस, ते वाचलं की बायका तोंड फिरवायच्या. मेहजबीन म्हणाली, "आपा, तुमचा भाऊ आहे तो. चहा घ्या आणि विषय सोडा."

सासू सोडणारी नव्हती. आपली खाला गेली तेव्हा तू चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलास, त्यात खालापेक्षा तुझा फोटो मोठा. म्हातारी म्हणाली, "लोकं मला विचारत होती, मकसूद कशाने गेला?"

आणि दुर्गाबाई (तुला पाडलं तीच) मय्यतीच्या दिवशी पाण्याचा टँकर घेऊन आली, स्वतः नळी धरून उभी राहिली आणि एक फोटो काढू दिला नाही. तू म्हणतोस ती पार्टीच्या जोरावर आली. असेल. पण आमच्या गल्लीत पार्टी नव्हती आली, ती आली होती.

मतं बुडाली, खरं. ती तुझी होती, हे कोणी सांगितलं तुला?

ते वरचं वाक्य मी खोडलंय. कागद सोबत आहे. निवडणूक कचेरीत नेऊन दे, हयगय करू नकोस.

तुझी
आबेदाआपा

ता. क. पहिली सही माझी आहे. माझं मत राहिलं त्याचा राग अजून गेलेला नाही. दिलं असतं तर दुर्गाबाईला दिलं असतं. अम्मीला सांगू नकोस.

आणखी एक. कागद घेऊन दुर्गाबाईकडेही गेले होते. वाचून म्हणाली, परत गेलेल्यांत माझ्याही बायका होत्या, आणि सही केली. ती खोडायची नाही. तुझ्यासाठी तिच्या खाली जागा ठेवली आहे. सही लहान कर.