साठ वेळा फासा

दि. ३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र वाचून कपाळाला हात लावू नकोस, माझा लावून झाला आहे.

बबीला माझ्याकडे ठेवून तू नर्सच्या नोकरीवर गेलीस, तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं की घरी मावशी आणि वर्गात बाई, दोन्ही निभावीन. बोलायला काय जातं!

सातवीला संभाव्यता चालू आहे. फाशाला सहा बाजू, तेव्हा साठ वेळा टाकला तर प्रत्येक आकडा साधारण दहादा पडावा. हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात काय पडतं, ते घरी टाकून लिहून आणायचं होतं. सगळ्यांचे आले नऊ, दहा, अकरा. आमच्या बबीबाईसाहेबांचे सहा पडले एकवीस वेळा आणि एक फक्त तीनदा! फासा न टाकताच दिलं ठोकून, दुसरं काय? मी शून्य दिलं. भाचीला पाठीशी घातलं, असं कुणी म्हणायला नको. सोमवारी वर्गासमोर माफी मागायलाही सांगितलं आहे.

तेव्हापासून ती घुमी झाली आहे. पडलं तेच लिहिलं, एवढंच म्हणते आणि अर्धपोटी उठते. माझाही जीव थाऱ्यावर नाही, पण खोटं ते खोटं. तूच तिला चार शब्द लिही. प्रकृतीला जप आणि ताईवरचा लोभ राहू दे.
तुझी ताई

दि. ६ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले.

बबी आळशी आहे, हट्टी आहे, केस विंचर म्हटलं तर घर डोक्यावर घेते. पण खोटं बोलताना तिचे कान लाल होतात. तू कान पाहिलेस का? आणि फासा कुठला, ते विचारलंस का? निघताना मी तिच्या दप्तरात बाबांनी कोरलेला लाकडी फासा टाकला होता. आठव जरा. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघायची नाही आणि मी भोकाड पसरायचे, म्हणून बाबांनी सहाची भोकं चांगली खोल कोरली. ती बाजू हलकी झाली आणि सारखी वर यायला लागली. आपल्या घरात कुणाची सोंगटी कधी अडकून पडली नाही. तुला मात्र वाटायचं, तुझाच हात चांगला!

आणखी एक. एवढ्या पोरांनी घरोघरी फासे टाकले आणि झाडून सगळ्यांचे नऊ-दहा-अकराच? माझं गणित कच्चं, तरी पाणी कुठं मुरतंय ते मला दिसतं.

ती माफी थांबव. नाहीतर पुढच्या शनिवारी येऊन मी तिला घेऊन जाईन. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी धाकटी

दि. १० ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी आलं. माफी सोमवारीच मागून झाली होती.

बबी फळ्यापाशी उभी राहिली आणि मी खोटे आकडे लिहिले, असं म्हणाली. तेव्हा तिचे कान लालबुंद झाले होते. मला वाटलं, लाजेने.

तुझं पत्र वाचून मी तिच्या दप्तरातला फासा काढला. आज तो फासा वर्गात मुलांच्याच हातात दिला. सहा, सहा, मध्येच चार, पुन्हा सहा. मग विचारलं, घरी खरोखर कुणी कुणी टाकला होता? निम्म्याहून जास्त माना खाली गेल्या. मी सगळ्यांसमोर बबीची माफी मागितली. तिने नुसती मान हलवली. घरी अजून बोलत नाही, आणि मला ते सोसवत नाही.

तू यायचं की नाही, ते तिनंच खाली लिहिलं आहे. मी वाचलेलं नाही. काहीही लिहिलं असलं तरी मला परकी करू नकोस.
तुझी ताई

ती. आईस,
शि. सा. न. मावशी म्हणते, यापुढे तुझ्यावर विश्वास ठेवीन. पण एकदा टाकून काहीच कळत नाही, पुष्कळदा टाकून बघावं लागतं, हे तिनंच शिकवलंय. म्हणून शनिवारी येऊ नकोस. मी सहामाहीपर्यंत राहून बघते.
तुझी बबी