खिळीला पाणी देताना

७ नोव्हेंबर १९४६, तिसगाव
आज ऐरण बसली. फार दिवसांनी भूक लागली आणि दोन भाकरी खाल्ल्या.

गावाबाहेर, करंजीच्या वाटेला लागून, एका मयत लोहाराची पडवी रिकामी होती. त्याच्या बायकोने, मालनबाईंनी, ती मला वापरायला दिली. नवरा होता तोवर घण त्याच मारत. माझ्यासाठीही मारीन म्हणाल्या. नगरच्या लष्करी भंगारातून आणलेले सामान आम्ही दोघांनी उतरवले. रुळाचा हातभर तुकडा बाभळीच्या बुंध्यात ठोकला, ती ऐरण. मोटारट्रकच्या ब्रेकचा ड्रम उताणा ठेवून तळाला नळी बसवली, ती भट्टी. तेलाचे अर्धे पिंप पाण्याला. भाता मात्र भंगारातला नाही. तो माधवच्या पायपेटीचा आहे. पेटी फुटली, सुरांच्या पट्ट्या गेल्या, पण कातडे शाबूत राहिले. पायाने दाबता येतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. पहिल्याच फुंकीला कोळसा फुलला तेव्हा मालनबाईंना हसू आवरेना.

शाळा सोडून ग्रामोद्योग शिकायला आलो, असे मी गावात सांगितले आहे. हल्ली अशी माणसे खेड्यांत येतात. कुणाला नवल वाटले नाही.

खरे कारण इथे लिहितो. माधव माझा धाकटा भाऊ. नाटक कंपनीत पेटी वाजवायचा. चैत्रातल्या जत्रेत इथला खेळ आटोपून घरी येताना करंजी घाटात गाडीचे चाक निघाले आणि तो खाली गेला. गाडीवान आसाराम वाचला. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला लोखंडी खीळ असते. ती काढून कुणी लाकडी घातली होती, हे त्यानेच मला सांगितले. कुणी, तेही सांगितले. गावातले मोठे बागायतदार, श्रीमंतराव. पण साक्ष द्यायला आसाराम तयार नाही, दुसरेही कुणी नाही.

म्हणून मी लोहार होणार आहे.

१९ नोव्हेंबर
ट्रकच्या कमानीच्या पात्यांतून खिळी घडवतो आहे. पहिल्या साऱ्या मोडल्या. लाल खीळ पाण्यात बुडवली की कडक होते, पण काचेसारखी. ती पुन्हा शेकून निळसर रंगावर आणली तरच चिवट होते. शेकली नाही तर दिसायला उत्तम, वाजवली तर घंटेसारखी, आणि मोठ्या दणक्याला दोन तुकडे. माझी चूक मालनबाईंनी प्रेमाने दाखवली. मी ती नीट लक्षात ठेवली.

आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. पाणी देताना, म्हणजे लाल लोखंड पाण्यात बुडवताना, तोंडात देवाचे नाव हवे, नाहीतर तोंड मिटलेले. माणसाचे नाव घेतले की लोखंड त्या माणसाचे होते. ‘मंग ते त्येचंच ऐकतं, मास्तर. आपलं न्हाई.’

मी हसलो नाही. मान हलवली.

२ डिसेंबर
श्रीमंतराव आले होते. धिप्पाड, हसतमुख माणूस. पायाखालचा भाता बघून म्हणाले, ‘बामनानं पेटी भट्टीला लावली व्हय? चांगलं केलं, निदान बेसूर तरी वाजायची न्हाई.’ सोबतची माणसे हसली. मग त्यांनी आपणहून जत्रेची गोष्ट काढली. ते गायला उठले आणि पेटीवाल्याने मध्येच पेटी मिटली. सारा मांडव हसला. ‘मंग आमी बी त्येचं चाक मिटलं. लई लांब न्हाई, घाटापतूर गेलं!’

पुन्हा हशा. मीही हसलो. गाल अजून दुखतात.

त्यांना गाडीला नवी खीळ हवी आहे.

९ डिसेंबर
मालनबाई शेतावर गेल्या तेव्हा केली. सुरेख उतरली. शेकायची नाही, हे ठरलेलेच होते. पाणी देताना श्रीमंतरावांचे नाव घ्यायचे, हेही मी मनात ठरवले होते. मालनबाईंची समजूत खरी असेल तर खीळ त्यांचीच राहील, दुसऱ्या कुणाच्या गाडीत मोडायची नाही.

खीळ पिंपाशी नेली आणि भात्यातून सूर आला. त्यात सुरांची एकही पट्टी नाही. माझा पायही त्यावर नव्हता. तो तुकडा माझ्या ओळखीचा होता. घरी माधव तो वाजवायचा, शेवटाला माझ्याकडे बघून मान हलवायचा, आणि मी गाणे उचलायचो. कधी चुकलो नाही.

आजही चुकलो नाही. तोंड उघडले. ‘माधव’ म्हणालो. खीळ पाण्यात गेली.

१० डिसेंबर
खीळ श्रीमंतरावांच्या गाडीला बसवली. त्यांनी वाजवून पाहिली, खूश झाले.

१७ डिसेंबर
मोडत नाही. ऊस लादून घाट चढून गेली, उतरून आली. इतकी कडक खीळ टिकूच शकत नाही.

२१ डिसेंबर
श्रीमंतराव गेले. करंजी घाटात, माधव गेला त्याच वळणावर. त्यांचा गाडीवान सांगतो की खीळ मोडली नाही. गाडीत माल नसताना, रस्त्याला खड्डाही नसताना, आपणहून वर सरकत बाहेर आली.

आज गोड करून खाल्ले. मालनबाईंनाही दिले. त्यांनी हात लावला नाही.

२३ डिसेंबर
गाडी दुरुस्तीला माझ्याकडेच आणली आहे. खीळ सोबत आहे. दोन दिवस उघड्यावर पडली होती तरी हाताला गरम लागते.

विहिरीत टाकली.

२४ डिसेंबर
भर दुपारी जेवताना भात्याचा आवाज आला. भट्टीत कोळसा फुललेला. मध्ये खीळ — ओली नाही. लाल.

पाय-फळी खाली-वर होत होती. सावकाश. माधवच्या लयीत.

२५ डिसेंबर
मालनबाईंना सारे सांगितले — मी कोण तेही. त्या रडत म्हणाल्या, जत्रेच्या दिवशी श्रीमंतरावांचा गडी आला होता. ‘गंमत करायचीय, बाभळीची खीळ तासून दे म्हनला. म्या दिली, मास्तर. कशाला, ते इचारलं न्हाई.’

चाकाची खीळ कशाला लागते हे त्यांना ठाऊक नव्हते?

भाता — आम्ही दोघे बसलो असताना भाता एकदाच भरला. थांबला. कुणी कान देऊन ऐकावे तसा.

२६ डिसेंबर
त्यांच्यावर राग नाही. नाही. त्यांनी मला भाकरी दिली, हात धरून शिकवले —

त्या जाड बोटांनीच ती खीळ तासली.

असे मी लिहिले नव्हते. अक्षर माझे आहे.

२७ डिसेंबर
कडी लावून निघून जायचे ठरवले. वाटेवरून परत आलो. का, ते — सांडशी विसरलो असे वाटले.

दुपार
सांडशी उजव्या हातात आहे. मी उचलली नव्हती. सुटत नाही. डाव्या हाताने लिहितो —

खीळ लाल. हात पिंपाकडे जातो आहे, बोट-बोट —

तोंड मिटून ठेवतो. नाव निघाले की खीळ पुन्हा माधवची. घ्यायचे नाही. कुणाचेच —

वाटेने मालनबाई येत आहेत. डोक्यावर भाकरीची पाटी. त्यांना सांगायला हवे, थांबा, पळा — पण तोंड उघडले की त्याचेच नाव —

सूर लागला. तोच तुकडा. शेवटाकडे आला. आता तो मान हलवील आणि मी