बाबा, मी आणि वॉटर स्कूटरचं इंजिन

मंगळवार, ३ मार्च

आज बोलणार नाही म्हणजे नाही!

इंजिन बाहेर काढलं. म्हणजे चेन मी ओढली, हुक मी अडकवला, घाम माझा गळला. बाबा खुर्चीत बसून — हळू. हळू गं. अगं हळू म्हणतोय ना! ते धूड हवेत झोके खायला लागलं तेव्हा कुठे उठले, एका हाताने थांबवलं, आणि वर मलाच — "ही कामं चिडून होत नाहीत."

चिडवतं कोण मग?

एक एप्रिलला तलावाच्या बचाव पथकात रुजू व्हायचंय. स्वतःची चालती वॉटर स्कूटर असेल तरच घेतात, ही त्यांची अट. किती वर्षं या नोकरीच्या मागे आहे मी! बाबाच म्हणाले होते, बंद पडलेली आण, मी उभी करून देतो. आयुष्यभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस, म्हणून विश्वास ठेवला. आता मी पाना हातात घेतला की 'असा नाही धरायचा.' हातात नाही घेतला की 'सगळं काय मीच करू?'

गुरुवार, ५ मार्च

इंजिन उघडलं. दोन्ही पिस्टन गंजून सिलिंडरला चिकटलेले. आधीच्या मालकाने आत पाणी गेल्यावर तशीच उभी करून ठेवली असणार. त्याला चार शिव्या घातल्या. बाबांनी पाचवी घातली. आजच्या दिवसात तेवढंच एकमत.

जेवायचं टेबल सुट्या भागांनी भरलंय. आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवलो. आई असती तर दोघांना टेबलासकट बाहेर काढलं असतं.

रविवार, ८ मार्च

तळपायाची आग मस्तकात गेलीय. नीट लिहिताही येत नाहीये.

इंजिन चार पायांवर बसतं. प्रत्येक पायाखाली कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या असतात — कुठे दोन, कुठे चार. जिथल्या तिथेच परत जायला हव्यात, नाहीतर इंजिनाचा दांडा आणि मागच्या पंपाचा दांडा एका रेषेत येत नाहीत. स्कूटर पाण्यात नुसती थरथरते. हे मला शिकवलं कोणी? बाबांनी! दहा-अकरा वर्षांची असेन तेव्हा. म्हणून मी चार पायांच्या चार पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर लिहिलं.

आज बाहेरून आले तर चारही पुड्या सोडलेल्या, सगळ्या चकत्या रॉकेलने लख्ख धुतलेल्या, आणि एकाच डब्यात!

"मळल्या होत्या," म्हणाले.

मी इतकी ओरडले की शेजारच्या काकू खिडकीत आल्या. बाबा डब्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "बरं. चुकलं."

चुकलं?! या माणसाच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकलेला नाही. आईशी चाळीस वर्षं वाद घातले, एकदाही नाही.

मग भरपेट जेवले. माझ्याशी कडाक्याचं भांडण झालं की यांना भूक लागते. माझी मात्र मरते.

सोमवार, ९ मार्च

चकत्या चाचपडण्यात दिवस गेला. इंजिनाचा रिकामा सांगाडा जागेवर ठेवून एक घाल, पट्टी लावून बघ, एक काढ, परत बघ. पाठीचं धिरडं झालंय. बाबा मागून — डावीकडे जरा. डावीकडे! तुझं डावं वेगळं आहे का?

शुक्रवार, १३ मार्च

नवे पिस्टन आले. मी अंघोळीला गेले तेवढ्यात बाबांनी दोन्ही बसवले, वर झाकणही ठोकून टाकलं. म्हटलं, चला, एक काम तरी भांडणाशिवाय झालं.

कसलं काय! सहज बॅटरी मारून प्लगच्या भोकातून आत बघितलं. पिस्टनच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो, तो धूर जातो त्या बाजूला हवा. पहिल्याचा बरोबर. दुसऱ्याचा — उलटा. तसंच चालू केलं असतं तर रिंग अडकून तुटली असती आणि सिलिंडर खरवडून निघाला असता.

शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतात हे. बाबा ही चूक करतात?

ओरडणार होते. झालंच नाही. त्यांचे सुरकुतलेले हात बघितले. एरवी बघत नाही.

शनिवार, १४ मार्च

रात्रभरात राग परत आला. सकाळी पुरेपूर वसूल केला. झाकण परत उघडावं लागलं, त्याखालचं गॅस्केट वाया गेलं, नवं येईपर्यंत हातावर हात. "तुम्ही बसा, मी करते," म्हटलं की फुरंगटून बसतात. बसू दिलं की पाच मिनिटांनी येऊन उभे!

सुट्या भागांच्या दुकानदाराला फोन केला तर तो हसतोय — "अहो, तुमच्या वडिलांकडून हे होणं शक्य नाही, ताई. तुम्हीच लावला असेल उलटा." याचंही डोकं फोडायचं राहिलंय.

मंगळवार, १७ मार्च

दादाचा फोन. सांगून टाकलं सगळं. चकत्या, पिस्टन. लगेच त्याचा शहाणपणाचा सूर — "वय झालंय गं त्यांचं. विसरायला लागलेत. डॉक्टरांना दाखव. आणि त्या हत्यारांना हात लावू देऊ नकोस." तिकडे बसून हुकूम सोडायला काय जातं! आईच्या मागे या घरात तू किती दिवस राहिलास रे?

फोन ठेवून वळले तर बाबा दारात. ऐकलं असेल? "कांदा चिरून ठेवलाय," एवढंच म्हणाले.

शनिवार, २१ मार्च

इंजिन जागेवर! सगळ्यात आधी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचं जड चाक, बसवलं — ते बाबांनी. त्याच्या नटाला जो जोर लागतो तो माझ्या मनगटात नाही, हे कबूल. मग इंजिन खाली सोडलं, चार पाय चार खोबणीत, दांड्याला दांडा. पट्टी लावली — केसाइतका फरक नाही. बाबा म्हणाले, "जमलं तुला."

तुला! दोन शब्द बोलले आणि तडक आत निघून गेले. मी तिथेच उभी, हातात पट्टी घेऊन. असा माणूस!

मंगळवार, २४ मार्च

चालू होत नाही.

बुधवार, २५ मार्च

नाहीच होत. बटण दाबलं की गुरगुरते, एक फटका मारते, गप्प. पेट्रोल येतंय. ठिणगी पडतेय. दाब बरोबर. मग मेले तुला हवंय तरी काय?

शुक्रवार, २७ मार्च

सगळ्या वायरी सोडून परत जोडल्या. कार्बोरेटर धुतला. दुकानदार म्हणतो — ठिणगी पडतेय पण वेळेवर पडत नाहीये, फ्लायव्हील काढून बघा.

बाबांना सांगितलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी बसवलंय ते. काढायची गरज नाही."

"बघायला काय हरकत आहे?"

"मी बसवलंय म्हटलं ना!"

या वाक्यापुढे या घरात कधी कोणाचं काही चाललेलं नाही. माझंही चाललं नाही. नट माझ्याने सुटत नाही आणि हे सोडणार नाहीत. पाना भिंतीवर फेकला. भिंतीला खळगा पडला. "आता तोही मीच बुजवू?" — ही यांची प्रतिक्रिया!

रविवार, २९ मार्च

बोलू नये ते बोलले. "तुम्हाला आता काही जमत नाही, बाबा. मान्य करा आणि बाजूला व्हा. माझी नोकरी घालवाल तुम्ही."

वाटलं, आता ताडकन उठतील, मला ऐकवतील. नाही. चष्मा पुसला, परत लावला. रेडिओचं बटण फिरवत बसले. रेडिओ बंद होता.

सोमवार, ३० मार्च

सबंध सकाळ विचार केला. आज चकत्या विसरले, उद्या गॅस बंद करायला विसरतील. दादा येणार नाही. मी तिकडे पथकाच्या खोलीत राहणार आणि इथे हे एकटे? कसं जमायचं?

पथकाच्या साहेबांना फोन केला. म्हटलं, मी रुजू होत नाही, वडिलांची तब्येत बरी नसते. स्कूटरचं नावच काढलं नाही. साहेब भले माणूस — "वाईट वाटलं. पण यादीत पुढचा मुलगा आहे, त्याला बोलावतो मग." झालं. एका मिनिटात संपलं.

गॅरेजमध्ये जाऊन बसले. त्या मेलेल्या इंजिनावर ताडपत्री टाकली. इतका राग आलाय आणि काढायचा कोणावर? आजारी माणसावर?

बाबांना सांगितलं, जात नाहीये. म्हणाले, "का?" म्हटलं, असंच. तुमच्याजवळ राहते.

मंगळवार, ३१ मार्च

आता आवाज चढवायचा नाही, ठरवलंय. सकाळपासून पाळलं. हो बाबा. बरं बाबा. सावकाश बाबा, घाई नाही. पाण्याचा पेला हातात दिला. चपला पायाशी ठेवल्या. "मला पांगळा समजतेस का?" म्हणाले. मी हसले फक्त. मीठ जास्त झालंय म्हणाले, म्हटलं, उद्या कमी घालते.

माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी कोणी परकी आहे. अर्धी पोळी टाकून उठले. दुपारी दोनदा मुद्दाम कुरापत काढली — भिंतीच्या खळग्यावरून, मग माझ्या चालण्याच्या आवाजावरून. मी गप्प. किती सोपं असतं तसं गप्प बसणं! आतून मात्र नुसती जळतेय.

गुरुवार, २ एप्रिल

सकाळी चहाच्या कपाशेजारी लोखंडाचा एक तुकडा. नखाएवढा, अर्ध्या चंद्रासारखा. फ्लायव्हीलची चावी. ती खाचेत नसली तर फ्लायव्हील दांड्यावर सरकतं, ठिणगी भलत्याच वेळी पडते, आणि इंजिन जन्मात चालू होत नाही.

बाबा समोर बसलेले. "विसरलो नव्हतो," म्हणाले. "चकत्याही नाही, बाणही नाही. बाण तू बघणारच, माहीत होतं. तू गेलीस की या घरात मी भांडू कोणाशी? पण तू परवापासून जे करतेस ना — ते नको. त्यापेक्षा जा."

आधी इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं. बाबा ठणठणीत आहेत! काही झालेलं नाही त्यांना!

मग आठवलं, माझी जागा काल त्या मुलाने घेतली.

भांडायला तोंड उघडलं ते अजून मिटलेलं नाही. शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या. आत्ता पाणी प्यायला आत आलेय. बाहेर बाबा दुसऱ्यांदा वाढून घेतायत.